सेवाशुल्क

'सेवा' हा शब्द मराठी माणसानं देवळात कमी आणि बँकेत जास्त वाचलेला असतो. आमच्या शाखेच्या दारावरच पाटी आहे, 'आपल्या सेवेत सदैव तत्पर'. आत गेलं की 'ग्राहक सेवा कक्ष' लागतो. तिथली खुर्ची बहुधा रिकामी असते. भिंतीवर 'सेवाशुल्काचे दरपत्रक' आहे. त्यातला मात्र एकही रकाना रिकामा नाही. खुद्द माझं आयुष्य 'सेवापुस्तिका' नावाच्या एका वहीत बंदिस्त आहे. मी म्हातारा होत चाललो ती माझी सेवाज्येष्ठता, बिनपगारी रजा लांबली तर तो सेवेतला खंड, आणि एक दिवस हे सगळं संपेल ती सेवानिवृत्ती. इतकी सेवा ज्याच्या वाट्याला आली तो माणूस वास्तविक आतापावेतो संतपदाला पोचायला हवा. मी मानेच्या पट्ट्यापर्यंत पोचलो आहे.

आता मी पडलो बी.कॉम. कॉमर्सच्या पदवीधराला भगवद्गीता येत नसली तरी एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जिथे नावे पडतं तिथे दुसरीकडे कुठेतरी जमा पडलंच पाहिजे. सेवेत आनंद आहे, असं थोर माणसं सांगत आली आहेत. माझे श्रम तर रोजच्या रोज नावे पडतात. मग तो आनंद कुठल्या खात्यात जमा होतो? वीस वर्षं मी तो शोधतो आहे. हेडकॅशियरांना विचारलं. ते म्हणाले, "सस्पेन्समध्ये टाकला असेल."

माझा दिवस सुरू होतो पहाटे पाचला, आणि तो बँकेत नव्हे, वडिलांच्या खाटेपाशी. वडिलांना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं, आणि आठवणींचं म्हणाल तर काही पानं शाबूत, काही फाटलेली, काही दुसऱ्याच वहीत शिवलेली. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी बांबू मोजले. आता पडल्या पडल्या पंख्याची पाती मोजतात. पाती तीनच असल्यामुळे त्यांचा हिशेब रोज बरोबर येतो. आमच्या कॅशसारखा घोळ नाही. त्यांचं तोंड धुणं, अंग पुसणं, चादर बदलणं, पेज भरवणं, आणि दर दोन तासांनी कूस बदलणं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून या कुशीचा तक्ता आम्ही भिंतीवर लावला आहे. दिवसाच्या कुशी हिच्याकडे, रात्रीच्या माझ्याकडे, रविवारी चिरंजीव बदली कामगार. तक्त्यावर सह्या होतात. घराची शाखा झाली आहे आणि शाखेचं घर होत नाही, अशी एकूण स्थिती.

अशात माझी बदली चंद्रपूरहून गडचिरोलीला झाली. शाखेनं मला जो निरोप दिला तो साधारणपणे सीमेवर निघालेल्या जवानाला देतात. एकानं तर डोळे पुसले (माझी पंख्याखालची जागा त्यालाच मिळाली). वास्तविक अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. पण अजूनही चंद्रपूरचा माणूस फोनवर विचारतो, "काय हो, वाघ दिसतो का?" मला याची मोठी मौज वाटते. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ पासून तुमच्या उशाशी आहे; वाघ काय तिकीट काढून इकडे येतो? आणि यायचं म्हटलं तरी यावं कसं? या जिल्ह्यानं वर्षानुवर्षं रेल्वे स्टेशन पाहिलं ते एकच, वडशाचं, आणि तेही कोपऱ्यातलं.

वाघ दिसला नाही. सिस्टर दिसल्या.

सिस्टर म्हणजे मिशनच्या एका लहानशा दवाखान्यातल्या नन. दर सोमवारी त्या कापडी पिशवी घेऊन आमच्या काउंटरवर येतात. पिशवीत दवाखान्याची आठवड्याची जमा : दहाच्या नोटा, वीसच्या नोटा, आणि चिल्लर. चिल्लर पाहून कॅशियर मंडळींचा चेहरा कसा होतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. परंतु सिस्टरांची नाणी कागदात गुंडाळून, वळी करून, वर आकडा लिहून आलेली असतात आणि तो आकडा कधी चुकत नाही. त्या मूळच्या केरळच्या. मराठी तिथे पेरलेली आणि इथल्या झाडीपट्टीत मुरलेली. 'जी' लावल्याशिवाय वाक्य संपत नाही. शिवाय 'ळ' इतका अस्सल उच्चारतात, की त्यांनी 'केळी' म्हटलं की आपण आजवर केळी खाल्लीच नाहीत असं वाटतं.

एका सोमवारी सर्व्हर बंद पडला. सर्व्हर बंद पडला की बँकेत एक वेगळीच शांतता पसरते. माणसं एकमेकांकडे बघू लागतात. मी बोलायचं म्हणून म्हटलं, "सिस्टर, तुमचं बरं आहे. आमचं हे कारकुनी जू. तुम्हाला सेवेत आनंद होत असेल."

"कोणत्या सेवेत जी?"

"हीच. आजारी माणसं, दवाखाना…"

"आज सकाळपासून मी काय केलं सांगू? पाण्याची मोटर जळली, तर मिस्त्रीच्या घरी दोनदा गेले. मग गोळ्या मोजल्या. मग एक फॉर्म भरला, तीन प्रतीत. मग ही चिल्लर मोजली. आजारी माणूस आज अजून पाहिलाच नाही."

"मग सेवा कधी करता?"

"हे काय होतं मग जी?" त्या म्हणाल्या.

मी आवाज खाली आणून विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"येते ना! रोजच येते. सोमवारी दोनदा येते. एकदा चिल्लर मोजताना, एकदा तुमच्या लायनीत."

मला एकदम हलकं वाटलं. धर्मात पडलेल्या माणसालाही कंटाळा येतो आणि तो बँकेच्या रांगेतच येतो, ही गोष्ट मनुष्यजातीच्या एकतेवरचा विश्वास वाढवणारी आहे. आम्ही आपलं समजत असतो की सेवा म्हणजे मोठ्या मनाच्या माणसांनी कपाळावर हात ठेवण्याचं काम. तो हात ठेवायला जाण्याआधी मोटर दुरुस्त करावी लागते, गोळ्यांचा साठा जुळवावा लागतो आणि फॉर्म तीन प्रतीत भरावा लागतो, हे कोणी सांगत नाही. म्हणजे सेवा आणि नोकरी यांच्यातला कागद एकच. वरती शाई कुठली, एवढाच प्रश्न.

त्या दिवसापासून मला या मंडळींविषयी कुतूहल वाटू लागलं. आमच्या चांद्याला ख्रिस्ती सेवकांची परंपरा जुनी आहे. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन इथे एकोणिसाव्या शतकातलं. काशीत वाढलेले, शास्त्रपारंगत चित्पावन नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली ख्रिस्ती होऊन नेहेमिया गोऱ्हे झाले. तेही १८७० च्या दशकात काही काळ चांद्यात होते. पुढे अलेक्झांडर वुड नावाचे स्कॉटिश पाद्री आले. १९१९ साली छोटा नागपूरचे बिशप होऊन जाईपर्यंत जवळजवळ दोन दशकं हा गृहस्थ चांद्यात राहिला. चांद्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांनी क्षणभर स्कॉटलंडचं धुकं डोळ्यांपुढे आणावं. जटपुरा गेटपासून पठाणपुऱ्यापर्यंत चालत जाताना आमच्या चपला डांबराला चिकटतात. त्या गावात वीसेक वर्षं! आमच्याकडे तीन वर्षं झाली की माणूस बदलीच्या अर्जाचा मसुदा तयार ठेवतो, आजारपणाच्या दाखल्यासकट.

पुढे १९६२ साली केरळच्या सिरो-मलबार चर्चचा इथला विभाग निघाला. त्याचं ठाणं बल्लारपूरला आणि नाव मात्र 'चांदा'. दोन वर्षांतच सरकारनं चांद्याचं चंद्रपूर केलं. चर्चच्या दप्तरी अजूनही चांदाच आहे. आमच्या बँकेत असतं तर केवायसी अपूर्ण म्हणून कधीच खातं गोठवलं असतं. केरळातून निघालेल्या अनेक नन आणि फादर या विभागात येऊन राहिले. शाळा चालवल्या, दवाखाने चालवले. ब्रह्मपुरीच्या मोठ्या मिशन रुग्णालयाचं नाव 'ख्रिस्तानंद'. नाव वाचून मी थबकलो. रुग्णालयाच्या पाटीवर आनंद!

आणि मग लक्षात आलं की चंद्रपूर जिल्ह्यात पाटीवर आनंद लिहिलेली ही दुसरी जागा. पहिली वरोऱ्याजवळ, आनंदवन. दोन्हीकडे माणसं जातात ती आजार घेऊन. सिनेमाघर, हॉटेल, झालंच तर बँक, यांपैकी कोणालाही हे नाव घ्यायचं सुचलं नाही; ते सुचलं दुखणाईतांच्या सोबतीला बसलेल्यांना.

बाबा आमटे काही ख्रिस्ती नव्हते. पण हा प्रश्न त्यांच्या अंगणातून गेल्याशिवाय आमच्या भागात सुटत नाही. वकिली केलेला, सुखवस्तू घरातला हा माणूस वरोऱ्याचा उपनगराध्यक्ष असताना सफाई कामगारांचं काम स्वतः डोक्यावर घेतो. आणि एका रात्री रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी पाहून भीतीनं घरी पळतो, मग परत फिरतो. १९४९ साली महारोगी सेवा समिती निघाली. पुढे त्या ओसाड माळावर बाबा आणि साधनाताई राहायला गेले तेव्हा भांडवल काय? सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. बँकेचा माणूस म्हणून सांगतो, असा प्रस्ताव कुठल्याही शाखेत आला असता तर अर्जदाराला चहा पाजून वाटेला लावलं असतं. तारण काय? लंगडी गाय. अनुभव काय? पळून जाऊन परत फिरल्याचा. आणि प्रकल्पाचं नाव काय, तर आनंदवन! खडक फोडायचे होते, विहीर खणायची होती, साप-विंचू हे मूळ रहिवासी होते. आनंद अजून यायचा होता, आणि नाव आधी देऊन ठेवलं होतं. बारसं आधी आणि बाळ नंतर. १९७३ च्या डिसेंबरात हाच खटाटोप भामरागडच्या जंगलात हेमलकशाला सुरू झाला, आणि तिथे डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य घातलं. त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो २००८ मध्ये. मधली पस्तीस वर्षं म्हणजे आमच्या हिशेबात अख्खी एक सेवापुस्तिका, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

हे सगळं मी घरी रंगवून सांगितलं. ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, "छान. आता बाबांची कूस बदला. पावणेआठ झाले."

बायका तत्त्वज्ञानाच्या मुळावर येतात ते अशा रीतीनं.

पण पुढची गोष्ट हिच्यामुळेच कळली. बाबांच्या पाठीला एक लाल चट्टा उठला होता म्हणून ही सिस्टरांना बोलवायला गेली. सिस्टर आल्या, चट्टा पाहिला, उशी कुठे ठेवायची, माणसाला एकट्यानं कसं वळवायचं ते दाखवलं. मग चहा घेताना हिच्या कपाळावरच्या आठ्या बघून त्यांनी मार्था आणि मरीया या दोन बहिणींची गोष्ट सांगितली. बायबलमध्ये लूकच्या दहाव्या अध्यायात ती आहे. येशू त्यांच्या घरी जातो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. मार्था एकटी रांधते, वाढते, दमते, आणि शेवटी पाहुण्यालाच गाऱ्हाणं सांगते : माझ्या बहिणीला जरा उठायला सांगा की! येशू मार्थालाच म्हणतो की तू फार गोष्टींची दगदग करतेस, मरीयेनं निवडलं ते चांगलं.

हिनं लाटणं खाली ठेवलं. "आणि जेवायला काय वाढलं?"

"म्हणजे जी?"

"नाही, एक बहीण ऐकत बसली आणि दुसरीलाही बसायला सांगितलं, मग पाहुण्यांच्या पोटात काय गेलं? तुमच्याकडेही उपदेश करणारे पुरुषच वाटतं?"

मी शरमेनं खिडकीबाहेर पाहू लागलो. पाहुण्यांशी, त्यातून ननशी, त्यातून त्यांच्या देवाविषयी! सिस्टर मात्र खो खो हसल्या. म्हणाल्या, "मीही हेच विचारलं होतं, शिकत होते तेव्हा. आमच्या कॉन्व्हेंटात स्वैपाकाची पाळी माझीच होती. पण ताई, ही गोष्ट इथे संपत नाही. पुढची कोणी सांगत नाही. योहानच्या बाराव्या अध्यायात येशू परत त्याच गावी येतो. बेथानीला. परत जेवण आहे. आणि तिथे लिहिलं आहे की मार्था वाढत होती."

"परत तीच?"

"परत तीच. पण यावेळी गाऱ्हाणं नाही. काम तेच, बाई तीच."

"मग बदललं काय?"

"मधल्या अध्यायात तिचा भाऊ मरतो. लाजर. येशू त्याला उठवतो. तोच भाऊ आता पंगतीला बसला आहे. आधी ती पाहुण्यांना जेवण वाढत होती. आता ती कोणाला वाढते आहे ते तिला कळलं आहे. एवढंच जी." आणि बशी विसळून ठेवून त्या गेल्या.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई हुशार आहे." हिच्या तोंडून हा शेरा मला वीस वर्षांत मिळालेला नाही.

मीही विचारात पडलो. हे आपल्याला अगदी परकं नाही. आपले संत तरी काय, सगळे नोकरदार आणि धंदेवाईक. गोरोबांचा चिखल सुटला नाही, सावता माळ्याचा मळा सुटला नाही, सेना न्हाव्याची धोकटी सुटली नाही, जनाबाईचं तर जातं सुटलं नाहीच, उलट देवालाच येऊन खुंटा धरावा लागला. गाडगेबाबांनी खराटा ठेवला नाही. तिकडे पॅरिसच्या एका मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधू होता. त्याला दिलं होतं स्वैपाकघर, आणि स्वैपाकाची त्याला मुळातच नावड. पंधराएक वर्षं त्यानं तेच काम केलं आणि मग जोड्यांच्या दुरुस्तीवर बसला. पण भांड्यांच्या खणखणाटातही आपल्याला देव प्रार्थनेइतकाच जवळ असतो, असं तो लोकांना सांगे. मोठमोठी माणसं त्याला भेटायला येत. आमच्या खात्यात असता तर पंधरा वर्षं कॅन्टीनला काढली म्हणून युनियनकडे गेला असता.

पण यातून कोणी असा अर्थ काढू नये की सेवा करणाऱ्याच्या तोंडावर चोवीस तास हसू असतं. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली पुस्तकरूपानं आली तेव्हा जग चकित झालं. वर्षानुवर्षं त्यांच्या आत कोरडेपण होतं, काळोख होता, आणि तरी पहाटे उठून त्या कामाला जात होत्या. हे वाचून पुष्कळांची श्रद्धा हलली म्हणतात. माझी, एका कारकुनाची, बळकट झाली. ज्या दिवशी वाटतं त्या दिवशी काम करायला संत कशाला हवा? न वाटणाऱ्या दिवशीच हजेरीपटाची परीक्षा असते.

आता या ज्ञानाचा उपयोग करून बघायला काउंटरसारखी जागा नाही. आमच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला निराधार योजनेच्या म्हाताऱ्या येतात. कोणी कुरखेड्याच्या बाजूची, कोणी धानोऱ्याकडची. पहाटेची एस.टी. पकडून, पदराला पासबुक बांधून. आता पैसे काढायला अंगठा लावावा लागतो तो यंत्रावर. आणि या बायांच्या अंगठ्यांवर रेघाच उरलेल्या नाहीत. साठ-साठ वर्षं धान रोवला, मे महिन्याच्या उन्हात तेंदूची पानं खुडली, मोहफुलं वेचली, भांडी घासली. रेघा त्यातच झिजल्या. यंत्राला नेमक्या त्याच रेघा हव्यात. अंगठा ठेवला की पडद्यावर लाल अक्षरं येतात : 'ओळख पटत नाही'. पुसा, ओला करा, परत ठेवा. ओळख पटत नाही. दुसरं बोट. नाही. मागे रांग कुरकुरते. माझ्या मानेतून कळ निघते.

पूर्वी मी या वेळात यंत्राकडे बघत असे. आता यंत्र विचार करत असतं तेवढ्यात मी म्हातारीकडे बघतो. यंत्राला ओळख पटेपर्यंत आपण ओळख करून घ्यायला काय हरकत आहे? "आजी, गाव कोणतं? घरी कोण? धान कसा झाला?" याला वेगळा वेळ लागत नाही, तो वेळ तसाही सर्व्हरचा असतो. मागच्या महिन्यात एका आजीचा अंगठा चौथ्या खेपेला जुळला. हिरवी खूण आली. आजीनं यंत्राकडे वाकून बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "वळखलं काय रे बाबू मले? लई टाइम लावला!" अख्खी रांग हसली. हेडकॅशियरही हसले. ते गेल्या अर्थसंकल्पानंतर प्रथमच हसले असावेत. त्या दिवशी कॅश जुळायला साडेसात वाजले, पण मान दुखल्याचं आठवत नाही. हा योगायोगही असू शकेल. मी डॉक्टर नाही.

काम कमी झालेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. रांग तेवढीच आहे, सर्व्हर तसाच आहे, कुशीच्या तक्त्यावर रात्री दोनच्या आणि चारच्या रकान्यात अजून माझीच सही आहे. कधी कधी चारच्या सहीला मी सगळ्या जगावर चिडलेला असतो. मार्थेसारखं गाऱ्हाणं सांगावं तर समोर पाहुणाही नसतो. असतात ते फक्त वडील, टक्क उघड्या डोळ्यांनी पंखा मोजत.

दाढीची कल्पना सिस्टरांची. "रोज करा," त्या म्हणाल्या, "आणि करताना त्यांना आरसा धरू द्या. डाव्या हातात. माणसाला आपला चेहरा दिसत राहिला पाहिजे." म्हणून पहाटेच्या कामात दाढीची भर पडली. मी ब्रश फिरवायचा, त्यांनी आरसा धरायचा. पंधरा दिवस ते आरशात बघत राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी मी तुरटी फिरवली, टॉवेलनं तोंड पुसलं, तसा त्यांनी आरसा खाली ठेवला, डावा हात उशीखाली घातला आणि चाचपून एक दहाची नोट काढली. ती कधीची तिथे होती कोण जाणे. माझ्यापुढे धरून, जड जिभेनं, पण स्पष्ट म्हणाले, "चांगली केली."

मी बघतच राहिलो. त्यांच्या लेखी मी न्हावी होतो. बल्लारपूरला कारखान्याच्या फाटकाबाहेर एक खुर्ची असायची, तिथे बहुधा ते बसले होते.

"घरी बाप हाये काय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"त्याची कोन करते?"

"मीच करतो."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मंग त्याच्याकडून पैसे नको घेजो."

माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत इतका अवघड व्यवहार माझ्यासमोर आला नव्हता. ग्राहक सेवाशुल्क देतो आहे. तेही आपण होऊन, खुशीनं, नावे टाकण्याआधीच. आणि त्याच दमात बापाला संपूर्ण माफी द्यावी असा आदेशही देतो आहे. शुल्क घ्यावं तर आदेश मोडतो, न घ्यावं तर ग्राहक रागावतो. कुठल्याही परिपत्रकात याची तरतूद नाही. मी नोट घेतली. दारात ही उभी होती, हातात पेजेची वाटी. तिनं तोंड फिरवून घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला. विचारलं तेव्हा कांद्याचं नाव सांगितलं. पेजेत कांदा नसतो, हे मी बोललो नाही.

ती दहाची नोट हल्ली आमच्या घरात खेळतं भांडवल आहे. सकाळी ती मला मिळते, रात्री ही उशीखाली परत ठेवते. महिनाभरात तिची घडी मऊ सुती झाली आहे. नियमानं पाहता अशी नोट काउंटरवर बदलून द्यायला हवी. मी दिलेली नाही. सोमवारी सिस्टरांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चिल्लरची वळी मोजता मोजता फक्त एवढंच विचारलं, "पण दाढी खरंच चांगली होते का जी?"

होते, असं म्हणवत नाही. उजव्या गालाला अजून हात वळत नाही आणि कल्ले खालीवर होतात. परंतु गिऱ्हाइकाची तक्रार नाही. आज सकाळी नोट देताना ते म्हणाले, "उद्या जरा लवकर येजो. गर्दी होते."